ऊतक-अभिरंजनातील दोष व त्यांचे निवारण

ऊतकांचे (समान रचना व कार्य असलेल्या कोशिकांच्या म्हणजे पेशींच्या समूहांचे) पातळ छेद सूक्ष्मदर्शकाखाली जवळजवळ रंगहीन व पारदर्शक दिसतात. त्यांतील निरनिराळे घटक वेगवेगळे ओळखू यावेत म्हणून विशिष्ट रंजकद्रव्यांनी छेद रंगविण्याच्या क्रियेला ‘अभिरंजन’ म्हणतात. गाठ साधी आहे की कर्करोगाची, यकृतातील तंतुमय ऊतक वाढले आहे की नाही, त्वचेतील चट्टा कुष्ठरोगाचा आहे काय, अशा प्रश्नांचा निर्णय बहुधा अभिरंजित छेद पाहूनच दिला जातो. त्यामुळे अभिरंजनातील दोष हा केवळ दिसण्याचा दोष राहत नाही. फिकट रंगलेल्या केंद्रकातील (कोशिकेच्या कार्याचे नियंत्रण करणाऱ्या गोलसर पुंजातील) बारकावे दिसले नाहीत, तर रोग निसटू शकतो; आणि रंजकाचा साका जंतू समजला गेला, तर नसलेला रोग निदानात येऊ शकतो.

अभिरंजन ही ऊतक-तंत्रातील जवळजवळ शेवटची पायरी आहे. तीपूर्वीच्या प्रत्येक पायरीवर झालेली चूक याच पायरीत डोळ्यांना दिसू लागते व म्हणून तिचा ठपका पुष्कळदा रंजकावर ठेवला जातो. दोष दिसतो कोठे आणि उत्पन्न होतो कोठे, यांत भेद करणे हे दोषनिवारणाचे पहिले सूत्र आहे.

इतिहास : योसेफ फोन गेर्लाख यांनी १८५८ मध्ये कारमाइनाच्या सौम्य विद्रावाने ऊतके रंगविण्याची पद्धत प्रसिद्ध केली. हीमॅटोक्सिलीन हे द्रव्य मध्य अमेरिकेतील शिंबावंत कुलातील एका वृक्षाच्या (हीमॅटोझायलॉन कँपेचिॲनम) लाकडापासून मिळते. सूक्ष्मदर्शकासाठी त्याचा उपयोग होण्यापूर्वी कित्येक शतके ते कापड रंगविण्यासाठी वापरात होते. बॉमर यांनी १८६५ मध्ये त्याला तुरटीची जोड दिली आणि तेव्हापासून ते केंद्रकांसाठी भरवशाचे रंजक ठरले. इओसीन हे कृत्रिम रंजक १८७० नंतरच्या दशकाच्या आरंभी तयार झाले व १८७६ मध्ये विसॉत्स्की यांनी ही दोन रंजके एकत्र वापरली. फेर्डिनांट ब्लूम यांनी १८९३ मध्ये फॉर्माल्डिहाइडाचा ऊतके टिकविण्याचा गुण दाखवून दिला. फॉर्मॅलीन, पॅराफीन मेण, हीमॅटोक्सिलीन व इओसीन यांवर आधारलेली ही पद्धत जगभरच्या प्रयोगशाळांत आजही नेहमीची पद्धत आहे.

नेहमीची कार्यपद्धती : शस्त्रक्रियेत काढलेला तुकडा प्रथम फॉर्मॅलिनात ठेवून स्थिर करतात. नंतर चढत्या संहतीच्या (द्रव्याच्या प्रमाणाच्या) अल्कोहॉलांतून नेऊन त्यातील पाणी काढतात, झायलिनाने अल्कोहॉल काढून टाकतात व वितळलेले पॅराफीन मेण तुकड्यात मुरवून त्याची वडी पाडतात. मायक्रोटोम या यंत्राने वडीचे ३ ते ५ मायक्रोमीटर (१ मायक्रोमीटर = मिलिमीटरचा हजारावा भाग) जाडीचे छेद घेतात, कोमट पाण्यावर तरंगवून ते काचपट्टीवर उचलतात व वाळवितात. अभिरंजनासाठी हाच क्रम उलटा करावा लागतो : झायलिनाने मेण काढणे, उतरत्या संहतीच्या अल्कोहॉलांतून पाण्यापर्यंत येणे, हीमॅटोक्सिलीन, आम्लाने विभेदन (जादा रंग काढणे), निळीकरण, इओसीन, पुन्हा अल्कोहॉल व झायलीन आणि अखेर काचझाकण. चांगल्या छेदात केंद्रके निळी ते निळसर जांभळी व त्यांतील कणरचना स्पष्ट दिसते. इओसिनाच्या मात्र गुलाबी रंगाच्या किमान तीन छटा दिसल्या पाहिजेत : तांबड्या रक्तकोशिकांची गडद, स्नायूंची मध्यम व कोलॅजन तंतूंची फिकट. सर्वत्र एकच गुलाबी रंग दिसणे हाही दोषच होय.

दोषाचा उगम शोधण्याची रीत : रंजक बदलण्याची घाई करण्यापूर्वी दोष कोठवर पसरला आहे हे पाहतात. त्या दिवशीच्या सर्व काचपट्ट्यांवर एकच दोष असेल, तर कारण सामाईक असते : रंजक, आम्ल, पाणी किंवा ठरविलेला वेळ. एकाच रुग्णाच्या सर्व छेदांत दोष असेल, तर तो बहुधा त्या ऊतकाच्या स्थिरीकरणात वा मेण मुरविण्यात असतो. एकाच छेदाच्या काही भागात दोष असेल, तर मेण राहून जाणे, छेदाची जाडी असमान असणे किंवा काचझाकण नीट न बसणे यांपैकी कारण संभवते. प्रत्येक गटाबरोबर आधी तपासून ठेवलेल्या ऊतकाची एक ‘नियंत्रण’ काचपट्टी रंगविली, तर हा निर्णय सोपा होतो. नियंत्रण पट्टी चांगली व रुग्णाची पट्टी वाईट असेल, तर रंजक निर्दोष समजावे. दोन्ही वाईट असतील, तर रंजकाकडे वळावे. एका वेळी एकच गोष्ट बदलावी, हा नियमही तितकाच महत्त्वाचा आहे. रंजक, वेळ व आम्ल ही तिन्ही एकदम बदलल्यास दोष गेला तरी तो कशाने गेला हे कळत नाही आणि काही दिवसांनी तोच दोष परत आला की शोध पहिल्यापासून करावा लागतो.

फिकट केंद्रकांचे उदाहरण यादृष्टीने बोधप्रद आहे. हीमॅटोक्सिलीन निकामी झाले असल्यास सर्वच पट्ट्या फिकट येतात. आम्लात पट्टी जास्त वेळ राहिली असल्यास छेद एकसारखा फिकट दिसतो, पण केंद्रकांची बाह्यरेषा शाबूत असते व दुसरा छेद पुन्हा रंगविल्यास तो उत्तम येतो. हाडाच्या तुकड्यातील कॅल्शियम तीव्र आम्लाने प्रमाणाबाहेर काढले गेले असल्यास केंद्रके कितीही वेळ रंगविली तरी रंग घेत नाहीत व शेजारची इओसिनाची छटा मात्र भडक दिसते. ऊतक स्थिर होण्यापूर्वी कुजू लागले असल्यास केंद्रके धूसर असून त्यांच्या कडाही विरलेल्या असतात. दोष दिसायला एकच असला, तरी पहिल्या दोन प्रकारांत तो दुरुस्त होतो, शेवटच्या दोहोंत होत नाही.

स्थिरीकरणातील दोष : शरीरातून तुकडा निघताच त्याचा रक्तपुरवठा थांबतो व कोशिकांतील एंझाइमे कोशिकांचेच पचन करू लागतात. आतड्याचे अस्तर यामुळे फार लवकर खराब होते. ही क्रिया थांबविणे हा स्थिरीकरणाचा मुख्य हेतू होय. ‘१० टक्के फॉर्मॅलीन’ म्हणजे बाजारात मिळणाऱ्या ३७ ते ४० टक्के फॉर्माल्डिहाइडाच्या विद्रावाचा एक भाग व पाण्याचे नऊ भाग. त्यात प्रत्यक्ष फॉर्माल्डिहाइड सु. ४ टक्केच असते. या विद्रावात फॉस्फेट लवणे घालून त्याचे पीएच मूल्य (अम्लता वा क्षारता दर्शविणारा अंक) ७ च्या आसपास राखतात. विद्रावाचे घनफळ तुकड्याच्या १० ते २० पट असावे आणि तुकड्याची जाडी ३ ते ४ मिमी. पेक्षा जास्त नसावी. लहान तोंडाच्या बाटलीत कोंबलेला मोठा अवयव बाहेरून कडक होतो, पण आतून कुजत राहतो. म्हणून स्तन, गर्भाशय, प्लीहा यांसारखे अवयव आल्याबरोबर कापून उघडे करतात.

विद्राव आम्लधर्मी झाल्यास रक्तातील हीमोग्लोबिनावर त्याची विक्रिया होऊन काळपट तपकिरी कणांचा साका पडतो. हे कण रंजकाची घाण किंवा क्वचित जंतूही समजले जातात. ते कोशिकांच्या बाहेर विखुरलेले असतात व ध्रुवित प्रकाशात चमकतात. पिक्रिक अम्लाच्या अल्कोहॉलातील संतृप्त विद्रावात छेद ठेवल्यास ते निघून जातात. अपुऱ्या स्थिरीकरणावर मात्र असा उपाय नाही. तुकडा अर्धवट स्थिर असताना अल्कोहॉलात गेल्यास उरलेले स्थिरीकरण अल्कोहॉलाने होते. ऊतक आकसते व केंद्रकांतील बारकावे कायमचे पुसट होतात.

निर्जलीकरण व मेण मुरविणे : ऊतकात पाणी शिल्लक राहिल्यास तेथे झायलीन शिरत नाही आणि झायलीन न शिरलेल्या जागी मेण शिरत नाही. परिणामी वडीचा मध्य मऊ राहतो व छेद घेताना तेथे भोक पडते. मुंबई व कोकण किनाऱ्यासारख्या दमट प्रदेशात पावसाळ्यात हा दोष वाढण्याचा संभव असतो, कारण निर्जल अल्कोहॉल उघड्या भांड्यात हवेतील बाष्प शोषून घेते. पांढऱ्या निर्जल मोरचुदाची चिमूट त्यात टाकल्यास ती निळी होते. तसे झाले की ते अल्कोहॉल शेवटच्या पायरीसाठी निरुपयोगी समजावे. उलटपक्षी, लहान तुकडे मोठ्या तुकड्यांइतकाच वेळ अल्कोहॉल, झायलीन व तापलेल्या मेणात राहिल्यास ठिसूळ होतात व त्यांच्या छेदांना बारीक तडे जातात. म्हणून सुईने काढलेल्या बारीक तुकड्यांसाठी वेगळे, कमी वेळाचे वेळापत्रक ठेवतात. मेण त्याच्या वितळबिंदूपेक्षा फार जास्त तापवू नये. नेहमीच्या मेणांचा वितळबिंदू ५६° ते ६०° से. असतो.

छेद घेण्यातील दोष : पात्याला खाच असल्यास छेदावर उभी रेघ उमटते; पात्याची जागा सरकविल्यावर रेघही सरकली, तर कारण पात्यातच आहे असे ठरते. पाते वा वडी सैल असल्यास छेदावर आडवे जाड-पातळ पट्टे येतात. उन्हाळ्यात खोली तापल्यावर छेद दबून सुरकुततात. अशा वेळी वडी बर्फावर थंड करून कापतात. जाड छेदांत कोशिका एकमेकींवर येतात व केंद्रके प्रत्यक्षाहून गडद वाटतात. रंग गडद दिसतो म्हणून हीमॅटोक्सिलिनाचा वेळ कमी करणे ही येथे चूक ठरते. छेद पातळ घेणे हाच उपाय होय.

याच पायरीवर एक अत्यंत गंभीर दोष संभवतो. छेद तरंगविण्याच्या पाण्यावर आधीच्या रुग्णाच्या ऊतकाचा कण राहिला, तर तो पुढच्या रुग्णाच्या काचपट्टीवर चिकटतो. तो कण कर्कयुक्त असल्यास निरोगी माणसावर कर्करोगाचा शिक्का बसू शकतो. प्रत्येक वडीनंतर पाण्याचा पृष्ठभाग टिपकागदाने पुसून घेण्याची साधी सवय हा धोका बराच टाळते. परका कण मुख्य छेदापासून अलग व बहुधा वेगळ्या पातळीवर दिसतो. शंका आल्यास त्याच वडीतून नवे छेद घेऊन तो पुन्हा आढळतो की नाही हे पाहतात.

हीमॅटोक्सिलिनाचे अभिरंजन : हीमॅटोक्सिलीन स्वतः रंजक नाही. त्याचे ऑक्सिडीभवन होऊन बनणारे हीमेटीन हे खरे रंजक असून तुरटीतील ॲल्युमिनियमाच्या साहाय्याने ते केंद्रकांना चिकटते. हे ऑक्सिडीभवन, ज्याला विद्राव ‘पिकणे’ म्हणतात, उजेडात व हवेत ठेवून कित्येक आठवड्यांत किंवा सोडियम आयोडेटासारख्या रसायनाने तत्काळ घडवितात. परंतु ते तेथेच थांबत नाही. विद्राव पिकून पुढे निकामीही होतो. त्याची परीक्षा सोपी आहे. नळाच्या पाण्यात काही थेंब टाकल्यावर पाणी लगेच निळे-जांभळे झाले, तर विद्राव चांगला. ते तांबूस वा तपकिरी राहिले, तर तो बदलावा. विद्रावावर धातूसारखी चमकणारी साय धरते व तिचे निळे-काळे कण छेदावर बसतात. म्हणून दररोज वापरापूर्वी विद्राव गाळून घेतात.

छेदात जागोजाग रंगहीन ठिपके दिसल्यास मेण पुरते निघाले नाही असे समजावे. अशी पट्टी उलट क्रमाने झायलिनापर्यंत नेऊन पुन्हा रंगविता येते. जादा रंग काढण्यासाठी ७० टक्के अल्कोहॉलातील १ टक्का हायड्रोक्लोरिक अम्ल वापरतात. हे काम काही सेकंदांचे असते व त्यावर डोळ्यांनी लक्ष ठेवावे लागते. केंद्रके निळी न होता तांबूस-जांभळी राहणे हा पुष्कळ ठिकाणी आढळणारा दोष आहे. तुरटीयुक्त हीमेटीन आम्लात तांबडे व क्षारीय पाण्यात निळे असते. नळाचे पाणी किंचित क्षारीय असल्यास पाच-दहा मिनिटे धुण्याने निळीकरण होते. परंतु पाण्याचा गुण ठिकाणानुसार व ऋतूनुसार बदलतो. तो भरवशाचा नसेल, तेथे सोडियम बायकार्बोनेट व मॅग्नेशियम सल्फेट यांचा विद्राव किंवा अतिसौम्य अमोनिया वापरतात. एका गावी उत्तम चाललेली पद्धत दुसऱ्या गावी बिघडते, तिचे कारण अनेकदा पाण्यात असते.

इओसीन व काचझाकण : इओसीन किंचित आम्लधर्मी विद्रावात, म्हणजे पीएच मूल्य सु. ५ च्या खाली असताना, चांगले चढते. निळीकरणाचा क्षार नीट न धुता पट्टी इओसिनात गेली की पीएच मूल्य वाढत जाते आणि दिवस जसजसा पुढे जाईल तसतसा गुलाबी रंग फिका पडतो. सकाळच्या पट्ट्या चांगल्या व दुपारच्या फिकट, असे आढळल्यास हेच कारण प्रथम तपासावे. धुण्याचा वेळ वाढवून इओसिनात ॲसिटिक अम्लाचे काही थेंब घातल्यास दोष जातो. पाण्यात व सौम्य अल्कोहॉलात इओसीन निघून जाते. म्हणून तीन छटा वेगळ्या दिसेपर्यंतच तेथे पट्टी ठेवतात. पुढील झायलीन दुधाळ झाल्यास पट्टीबरोबर पाणी आले आहे असे समजून अल्कोहॉले बदलावीत. काचझाकण बसविण्यापूर्वी छेद सुकला, तर केंद्रकांवर हवेचे सूक्ष्म बुडबुडे अडकून तपकिरी-काळे डाग दिसतात. झायलिनात झाकण काढून पट्टी अल्कोहॉलापर्यंत मागे नेल्यास व पुन्हा झाकल्यास ते नाहीसे होतात.

विशेष अभिरंजने : विशिष्ट पदार्थ वा जंतू दाखविणाऱ्या अभिरंजनांत नियंत्रण पट्टी अनिवार्य असते, कारण तेथे ‘रंग आला नाही’ हाच निष्कर्ष असू शकतो. क्षयाच्या जंतूंसाठी त्सील-नील्सेन पद्धतीत तांबडा रंग दिल्यावर आम्लमिश्रित अल्कोहॉलाने तो काढतात. क्षयजंतू रंग सोडत नाहीत. नळाच्या पाण्यात याच गटातील निरुपद्रवी जंतू असू शकतात व त्यांमुळे खोटा निष्कर्ष निघतो. छेदाच्या पातळीच्या वर व ऊतकाबाहेर दिसणारे जंतू म्हणूनच संशयास्पद समजतात. कुष्ठरोगाचे जंतू हा रंग तितक्या घट्टपणे धरीत नाहीत. झायलीन व अल्कोहॉल यांनी त्यांच्या आवरणातील मेदद्रव्य धुऊन गेल्यास ते रंगहीन होतात आणि रोग असूनही छेद ‘जंतुरहित’ ठरतो. यासाठी फाइट-फाराको पद्धतीत मेण काढताना झायलिनात शेंगदाण्याचे तेल मिसळतात व रंग काढण्यासाठी अधिक सौम्य आम्ल वापरतात. भारतात या प्रश्नाला विशेष महत्त्व आहे. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात वसंत रामजी खानोलकर (१८९५–१९७८) यांनी कर्करोगाबरोबरच कुष्ठरोगातील ऊतकांच्या बदलांचाही अभ्यास केला होता. काँगो रेड रंजकाने अमिलॉइड हा विकृत प्रथिनयुक्त पदार्थ शोधताना छेद नेहमीपेक्षा जाड, ८ ते १० मायक्रोमीटर, घेतात; पातळ छेदात ध्रुवित प्रकाशातील हिरवी छटा दिसत नाही. चांदीच्या लवणांनी रंगविताना काचसामान अगदी स्वच्छ लागते व धातूचे चिमटे वर्ज्य असतात. प्रतिपिंडांच्या साहाय्याने विशिष्ट प्रथिने दाखविणाऱ्या पद्धती स्थिरीकरणाच्या बाबतीत याहून संवेदनशील आहेत. स्तनाच्या कर्करोगातील हॉर्मोन-ग्राहींच्या परीक्षेसाठी तुकडा फॉर्मॅलिनात ६ ते ७२ तास असावा असा दंडक आहे, कारण तिच्या निष्कर्षावर उपचाराची निवड अवलंबून असते.

दैनंदिन व्यवस्था : दोष शोधण्यापेक्षा तो होऊ न देणे कमी श्रमाचे असते. त्यासाठी प्रत्येक विद्रावाच्या बाटलीवर तयार केल्याची तारीख लिहितात, दिवसभरात किती पट्ट्या रंगविल्या याची नोंद ठेवून त्या हिशेबाने विद्राव बदलतात आणि सकाळची पहिली नियंत्रण पट्टी पाहिल्याशिवाय रुग्णांच्या पट्ट्या घेत नाहीत. तुकड्याची बाटली, मेणाची वडी व काचपट्टी यांवरील क्रमांक प्रत्येक पायरीवर ताडून पाहतात. काचपट्टीवरील क्रमांक अल्कोहॉलात न विरघळणाऱ्या शिसपेन्सिलीने किंवा खास शाईने घालतात, कारण सुंदर रंगलेली पण चुकीच्या नावाची पट्टी सर्व सदोष पट्ट्यांहून घातक असते. सुईने काढलेला तुकडा केसाएवढा बारीक असतो व निष्काळजीपणे छाटला गेल्यास परत मिळत नाही. म्हणून पहिल्याच वेळी काही कोरे छेद काढून जपून ठेवतात.

सुरक्षितता : फॉर्माल्डिहाइडाच्या वाफा डोळे व श्वसनमार्ग यांचा दाह करतात. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये त्याची गणना मानवात कर्करोग उत्पन्न करणाऱ्या द्रव्यांत केली. झायलिनाच्या वाफाही अपायकारक व ज्वालाग्राही असतात. कोरडे पिक्रिक अम्ल स्फोटक असल्याने ते ओले ठेवतात. वाफा ओढून घेणारी कपाटे, हातमोजे व टाकाऊ द्रवांची स्वतंत्र विल्हेवाट या गोष्टी म्हणून आवश्यक ठरतात.

अनेक मोठ्या प्रयोगशाळांत मेण मुरविणे, अभिरंजन व काचझाकण ही कामे आता यंत्रांनी होतात आणि पट्ट्यांची संगणकीय चित्रे घेऊन ती दूरच्या तज्ञाकडे पाठविता येतात. यंत्रामुळे वेळ व क्रम यांत सारखेपणा येतो. परंतु शिळे रंजक, पाणी शोषलेले अल्कोहॉल व उशिरा फॉर्मॅलिनात पडलेला तुकडा यांवर यंत्राचा इलाज नाही. संगणकाने चित्रातील रंग दुरुस्त करता येतो, पण स्थिरीकरणात नष्ट झालेली रचना परत आणता येत नाही. यामुळे शस्त्रक्रियागृहातील बाटलीपासून सूक्ष्मदर्शकापर्यंतच्या सर्व पायऱ्यांचा एकत्रित विचार करणे, हाच चांगल्या अभिरंजनाचा पाया ठरतो.